सतराला उरणारे पाच

जगातल्या सगळ्या भांडणांचे मूळ सतरा या संख्येत आहे असे गंभीरपणे मानणारे, आणि कागद-पेन्सिल मिळाल्यास ते कोणत्याही क्षणी सिद्ध करून दाखवायला तयार असणारे गृहस्थ मला आयुष्यात एकच भेटले. ते आमचे घरमालक होते. वृत्तपत्रात उमेदवारी करताना मला शिकवले होते की बातमीत विशेषण घालू नये, आणि 'एकमेव' हा शब्द तर चौकशी केल्याशिवाय कधीच लिहू नये. या वाक्यापुरती मी चौकशी केली आहे. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत मी बातमीदार म्हणून बरीच वर्षे हिंडलो. देवळाच्या मानपानावरची भांडणे पाहिली, शेताच्या बांधावरची पाहिली, बसमधल्या खिडकीवरची पाहिली आणि त्या काळात भाषेवरची तर रोजच पाहिली. प्रत्येक भांडणाला काही ना काही कारण होते. सतराचे नाव दुसऱ्या कोणीही घेतले नाही.

घर हळर्णला होते, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर. सोळा घरांची वस्ती, तिला वाडा म्हणायचे, आणि त्यात हे घर सगळ्यांत उंचावर, म्हणून त्याचे नाव 'वयले घर'. घरमालकांची सारी नोकरी डिचोलीकडच्या एका खाणीच्या कचेरीत गेली होती. काम होते खनिजाचे नमुने काढण्याचे. डोंगराएवढ्या ढिगात लोखंड किती हे पाहायचे तर अख्खा ढीग काही तपासणीला नेता येत नाही. म्हणून त्यातले थोडे घ्यायचे, त्याचा शंकू करायचा, वरून दाबून तो भाकरीसारखा पसरायचा आणि फळीने त्याचे चार सारखे भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, उरलेले कालवून पुन्हा शंकू करायचा. ओंजळभर माती उरेपर्यंत हेच. हे करता करता त्यांच्या डोळ्यांत तराजू बसला. त्यांना फणस दिला, भोपळा दिला, गुळाची ढेप दिली, तरी ते आधी ती वस्तू गोल फिरवून बघत आणि मग एकाच घावात तिचे असे दोन तुकडे करीत की घेणाऱ्याला 'मोठा कुठला' हे विचारायची सोय राहत नसे. काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "माज्या बापान जावय बगितलो, तो माणूस म्हणान. हो निगालो विळो."

पावसाळ्यात खाण बंद असे. कचेरीत बसून करायला काही नसे. अशाच एका पावसाळ्यात त्यांना ती संख्या सापडली. ते 'शोधली' असे कधी म्हणाले नाहीत, 'सापडली' असेच म्हणत, एखाद्याला रानात वडाखाली देव सापडावा तसे. "दोनान भाग जावचो, तिनान जावचो, चारान जावचो, पाचान जावचो. असो करीत करीत सोळा मेरेन गेलंय. आनी थंय बगतंय तर तो बसलेलो!" तो म्हणजे सात लाख वीस हजार सातशे वीस. एकपासून सोळापर्यंत कोणत्याही संख्येने भागा, बाकी उरत नाही. त्याहून लहान अशी दुसरी संख्या नाही. घरमालक तिला 'यजमान' म्हणत. एक पाहुणा येवो की सोळा येवोत, यजमान सगळ्यांना सारखे वाढतो आणि भांड्यात शीत उरत नाही, असा त्यांचा खुलासा होता.

या यजमानाचे गुण ते सांगायला बसले की ऐकणाऱ्याचा चहा दोनदा निवे. तीन आकड्यांची कोणतीही संख्या घ्या, ती लगेच पुढे पुन्हा लिहा, की त्या सहा आकड्यांना साताने, अकराने आणि तेराने भाग जातोच. सातशे वीस, सातशे वीस. बघितलंस? आणि सातशे वीस म्हणजे तरी काय? एक ते सहा हे आकडे एकमेकांत गुणले की सातशे वीस. शिवाय याला आठाने भागा, नव्वद हजार नव्वद. नवाने भागा, ऐंशी हजार ऐंशी. बाराने, साठ हजार साठ. पंधराने, अठ्ठेचाळीस हजार अठ्ठेचाळीस. सोळाने, पंचेचाळीस हजार पंचेचाळीस. हे ते आरतीच्या चालीवर म्हणत. "फोडलो तरी तोंड तसोच ठेवता. मोठो माणूस असो असता." मग आवाज खाली आणून सांगत की सतराने मात्र भाग जात नाही. पाच उरतात. हे पाच त्यांना आयुष्यभर सलले. त्यांचे लहानपणीचे शिक्षण पोर्तुगीज शाळेत झाले होते, त्यामुळे हिशेब करताना ओठ पोर्तुगीजमध्ये हलत, उं, दोइश, त्रेश, आणि सतराचा शब्द आला की ते आजारी माणसाच्या खोलीशेजारून जावे तसे हळूच पुढे सरकत.

पंगतीत सतरा पाने मांडलेली दिसली तर ते बसत नसत. लग्नघरातल्या लोकांना वाटे, मान राहिला. मग कोणीतरी जाणकार त्या सतरांतून उठून दुसऱ्या पंगतीला जाई किंवा अठरावा कोणीतरी हाताला धरून आणला जाई, कारण अठराने यजमानाला भाग जातो, चाळीस हजार चाळीस. एकदा कोरगावच्या एका लग्नात असा अठरावा म्हणून त्यांनी बँडवाल्याला ओढून बसवले. त्याची पिपाणी पानाशेजारी ठेवली होती. वरपक्षाला वाटले की हा मुलीचा काका आहे, आणि त्यांनी त्याला वाकून नमस्कार केला. त्यानेही आशीर्वाद दिला.

माझी त्यांची ओळख झाली ती मी खोली शोधत होतो तेव्हा. माझे गाव सीमेपलीकडे सिंधुदुर्गात. पणजीच्या एका मराठी दैनिकाने मला उत्तर भागासाठी नेमले होते. त्यांनी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीवर, बसून मला एकच प्रश्न विचारला.

"माणसां किती?"

"मी एकटाच."

"एकान सगळ्यांक भाग जाता," ते समाधानाने म्हणाले आणि किल्ली आणायला आत गेले.

त्या काळी गोव्यात राज्याचा दर्जा आणि राज्यभाषा हे दोन विषय सोडून तिसरा विषय नव्हता. कोकणी की मराठी, यावरून घरे उभी चिरली गेली होती. घरमालकांना दोन्हीकडच्यांनी विचारून पाहिले. त्यांचे उत्तर दोघांनाही एकच होते: "पाढे माका पोर्तुगेजीत येतत. देवाक गाऱ्हाणां मराठीत घालतंय. बायलेकडे कोंकणीत हरतंय. खंयची भास उणी करू, सांगा." दोन्हीकडचे लोक उठून गेले. काकी आतून म्हणाल्या, "तिसरा तेवडा खरा."

या घराच्या खाली, मोठ्या आंब्याजवळ, दोन भावांचे घर होते. वाड्यात घरांची ओळख अशीच चाले. हे 'आंब्याकडले', विहिरीजवळचे 'बांयकडले', आम्ही 'वयले'. थोरला भाऊ मराठीवाला, धाकटा कोकणीवाला. दोघेही सभांना जात, दोघेही घसा बसवून परत येत, आणि दोघांनाही त्यांची आई, जिला सगळा वाडा माई म्हणे, एकाच पातेल्यातला मिरीचा काढा देई. मी दोन्ही सभांना बातमीदार म्हणून जाई. बातमी जितकी असेल तितकी लिही. एकदा दोन्ही सभा एकाच दिवशी झाल्या, आणि अंकात दोन्ही बातम्या शेजारी शेजारी, सारख्याच लांबीच्या आल्या.

दुसऱ्या दिवशी थोरला बाल्कांवात आला. मी आत खोलीत होतो, खिडकी उघडी होती. "काका, त्या पेपरवाल्याक भायर काडा," तो म्हणाला. "आमचो म्हणान वाड्यात ऱ्हवंक दिलो. आनी त्यान आमच्या सभेक जितकी जागा दिली, तितकीच तेंच्या सभेक दिली." तो गेला. तासाभरात धाकटा आला. "काका, तो तेंचो माणूस. आमच्यो गजाली हंयसर बसान लिवन घेता. तेका भायर काडा."

घरमालक म्हणाले, "तुमचो दोगांचो मागणो एकच. मगे झगडो कसलो?"

धाकटा म्हणाला, "तां माका म्हायत नाय. तो जावक जाय."

"मासे वाटून जावंदेत," घरमालक म्हणाले. "मगे सांगतंय."

मी ते ऐकत होतो आणि माझ्यापुढे प्रश्न सरळ होता. माझे लग्न ठरले होते. पावसाळा संपला की बायको याच खोलीत यायची होती. त्या दिवसांत पेडण्याच्या बाजूला पेपरवाल्याला जागा देणारे घर मिळत नव्हते. काही ठिकाणी मी मराठी पेपरचा म्हणून नको होतो, काही ठिकाणी मराठी पेपरचा असूनही तसा वागत नाही म्हणून नको होतो. माझी खोली राहणार की जाणार, हे आता मासे वाटून झाल्यावर ठरणार होते.

हे मासे वाटणे काय ते सांगायला हवे. उन्हाळ्याच्या शेवटी नदी बारीक होते आणि वाड्याच्या खाली तिचा एक खोल डोह तेवढा भरलेला राहतो. त्याला कोंड म्हणतात. वर्षातून एकदा सगळा वाडा मिळून तिथे मासे धरी. वरच्या अंगाला फांद्या आणि चिखलाने बांध घालायचा, गेळाची फळे कुटून पाण्यात कालवायची, मासे गुंगून वर आले की सगळ्यांनी उतरायचे. शेवटे, शेंगाळे, कुर्ल्या, जे मिळेल ते एका जागी ओतायचे आणि वाटे करायचे. वाटा घराला नव्हे, चुलीला. वाड्यात जितक्या चुली पेटतात तितके वाटे. मासे तोलायचे नाहीत. एका वर्षी कोणीतरी दुकानातून तराजू आणू म्हणाला, तर घरमालक संतापले होते: "जोखून घेतलो तो बाजार झालो. वांटो न्हय." वाटे तेच करीत, डोळ्यांनी. ढिगाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. सागाच्या पानांवर सोळा वाटे मांडले की माई त्यांच्याकडे पाठ करून उभी राही. घरमालक एकेका वाट्यावर काठी ठेवून विचारीत, "हो कोणाचो?" आणि माई न बघता एकेका घराचे नाव घेई. बघून देणारा आणि न बघता नाव घेणारा वेगळा, म्हणून कोणाची तक्रार नसे. भाडेकरू, बाहेरून आलेले मजूर, यांची चूल मोजण्याची पद्धत नव्हती. मला पहिल्या वर्षी काकींनी आमटीतून वाटीभर दिले होते, एवढाच माझा त्या कोंडीशी संबंध.

त्या वर्षी कोंड धरण्याच्या आधी आंब्याकडल्या घरात जे व्हायचे ते झाले. थोरला आणि धाकटा एका पंगतीला बसेनात. धाकट्याने चूल वेगळी केली. म्हणजे पेडण्याच्या बाजारातून एक रॉकेलचा स्टोव्ह आणला आणि मागच्या पडवीत ठेवला. त्याची बायको त्यावर भात करू लागली. माई पुढच्या चुलीवर जेवे आणि मागच्या पडवीत झोपे, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको.

बाकी वाड्याने या बातमीवर हळहळ व्यक्त केली. घरमालकांनी मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. सतरा चुली झाल्या होत्या.

कोंड धरली. मासे बरे मिळाले. ढीग ओतला आणि सगळे ओल्या कपड्यांनिशी भोवती उभे राहिले. थोरला एका बाजूला, धाकटा बरोबर समोर. मी काठावर होतो, काकींची टोपली धरून. घरमालकांनी काठी जमिनीवर टेकली आणि जाहीर केले, "मी वाटे करूचंय नाय."

"कित्याक काका?"

"सतरा जातत. सतरान भाग जायना. पाच उरतत."

कोणी हसले. थोरला म्हणाला, "काका, हे मासे. तुमचो यजमान न्हय."

"तुका हसूक येता?" घरमालक म्हणाले. "सोळा मी डोळ्यांनी करतंय. अर्ध्याचो अर्धो, अर्ध्याचो अर्धो. चुकी जाली तरी दोनय बाजूक सारकी. सतरा कशे करू? अर्धे जायनत, तीन जायनत, काय जायना. एकाक उणो जातलो. आनी अवंदा ज्याक उणो जातलो, तो म्हणतलो, भाशेक लागून उणो दिलो. मगे ही कोंड फुडल्या वर्सा कोण धरतलो?"

त्यानंतर कोणी हसले नाही. ढिगावर माश्या बसू लागल्या होत्या. बांयकडचे एक गृहस्थ भावांना म्हणाले की आजच्या पुरते एक व्हा, सोळा होऊ द्या. थोरल्याने मान वळवली. धाकटा म्हणाला, "माजी चूल वेगळी. मोजा."

"मोजतंय," घरमालक म्हणाले. "सोळा जायनत, तर अठरा करूया. अठरान भाग जाता." आणि त्यांनी काठी उचलून माझ्याकडे रोखली. "ही अठरावी चूल."

एकदम गलका झाला. थोरला म्हणाला, तो भायलो. धाकट्याने अधिक नेमका मुद्दा काढला. "काका, तेच्याकडे चूल खंय आसा? तो स्टोव्हार रांदता. स्टोव्ह म्हणजे चूल न्हय."

घरमालक त्याच्याकडे अशा प्रेमाने बघू लागले की मला वाटले ते आता नव्वद हजार नव्वद म्हणणार. "न्हय?" ते म्हणाले. "मगे तुजी खंय आसा रे चूल?"

धाकट्याच्या मागे त्याची बायको उभी होती. आधी ती हसली. मग तिची जाऊ हसली. धाकट्याने एकदा ढिगाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. "आसूं," तो म्हणाला. "स्टोव्ह म्हणजे चूलच. मोजा तेका."

थोरल्याला आता विरोध करायचा तर धाकट्याची चूलही मोडीत निघत होती आणि भाऊ परत त्याच्या पंगतीला येत होता. ते त्याला त्या क्षणी नको होते. तो एक पाऊल मागे सरला.

घरमालकांनी ढिगाचे तीन भाग केले, प्रत्येकाचे तीन, आणि त्या नवांचे दोन दोन. माई पाठ करून उभी राहिली.

"हो कोणाचो?"

"बांयकडल्यांचो."

"हो?"

"आंब्याकडल्यांचो."

नावे चालली. मध्येच काठी एका वाट्यावर आली आणि माई पुन्हा म्हणाली, "आंब्याकडल्यांचो." दोघे भाऊ जागचे हलेनात. पहिला कोणाचा आणि दुसरा कोणाचा हे तिने सांगितले नव्हते. माईने मागे वळून पाहिले नाही. "खंयचोय घेयात," ती म्हणाली. "दोनय माज्याच घरचे."

शेवटचा वाटा राहिला. घरमालकांनी विचारले, "हो कोणाचो?" माई थांबली. माझ्या खोलीला नाव नव्हते.

"वयल्या घरच्या पावण्याचो," ती म्हणाली.

"पावणो न्हय," घरमालक म्हणाले. "पावणो जाता. हो ऱ्हवता."

माईने थोडा विचार केला. "मगे वयल्या घरचो धाकलो."

मी तो वाटा उचलला. परत येताना घाटीवर घरमालक पुढे होते, मी मागे. खोलीबद्दल त्यांनी काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या दिवसापासून वाड्यात माझे नाव 'वयल्या घरचो धाकलो' पडले, आणि धाकल्याला घराबाहेर काढा असे म्हणायला पुन्हा कोणी आले नाही. पावसाळ्यानंतर माझी बायको आली तेव्हा तिला बसथांब्यावरून घेऊन यायला आंब्याकडच्या दोन्ही सुना एकत्र गेल्या होत्या. तिनेच मला पुढे सांगितले की त्या घरात चुली कधी वेगळ्या झाल्याच नव्हत्या. मागच्या पडवीतला भात आणि पुढच्या चुलीवरची आमटी नवऱ्यांची पाठ वळली की जागा बदलत. वेगळा होता तो फक्त धूर.

मग राज्य झाले, सभा कमी झाल्या, घसे मोकळे झाले. एके दिवशी धाकट्याचा स्टोव्ह बिघडला आणि त्याने तो दुरुस्तीला दिलाच नाही. पुन्हा उन्हाळा आला, कोंड आली, आणि मी मोजले. आंब्याकडचे एक, माझी एक. सतरा. आता धाकल्याला, म्हणजे मला, वगळले की सोळा होणार होते, जुने, चार वेळा अर्धे करण्याचे, सगळ्यांच्या सवयीचे. मी शिकलेला माणूस, म्हणून घरमालकांची अडचण आधीच दूर करायला गेलो. कागदावर यजमानाला सतराने गुणून दाखवले. एक कोटी बावीस लाख बावन्न हजार दोनशे चाळीस. एक ते अठरा, सगळ्यांनी भाग जातो. सतरानेही.

त्यांनी तो कागद दूर धरून पाहिला, एखाद्या मुलीचा फोटो पाहावा तसा. "ही ओढून हाडलेली सोयरीक," ते म्हणाले आणि कागद परत दिला. "सतराक बरो दिसूक यजमानाक सतरांनी गुणलो. तो यजमान न्हय रे, तो उमेदवार."

कोंडीवर त्यांनी नेहमीसारखी काठी टेकली आणि आधी तीन भाग केले. तिनांचे नऊ, नवांचे अठरा. माईने सतरा नावे घेतली, त्यात वयल्या घरच्या धाकल्याचेही. शेवटच्या वाट्यावर काठी आली. "हो कोणाचो?"

"नावां सोपली," माई म्हणाली.

"सोपूंक नाय. हो येतलो, ताचो."

"कोण येतलो?"

"माका काय म्हायत? येतलो तेका तरी खंय म्हायत आसा!"

तो वाटा येणाऱ्याचा ठरला. वाटे उचलल्यावर जो पहिला परका माणूस वाटेने येईल त्याचा. त्या वर्षी खनिजाच्या ट्रकचा एक ड्रायव्हर रेडिएटरसाठी पाणी न्यायला उतरला आणि माशांची पिशवी घेऊन चढला. तो वैतागलेला होता, त्याला वाटले यात काहीतरी फसवणूक आहे. पुढच्या वर्षी इब्रामपूरकडचा एक शाकाहारी भटजी आला. त्याने दोन्ही हात जोडून क्षमा मागितली, आणि घरमालकांनी त्याला नारळ देऊन वाट्याला पुन्हा वाटेवर बसवले. त्यानंतर बहुतेक वेळा पोदेर, म्हणजे पाववाला, येई. सायकलवर पावांची टोपली बांधून तो रोज दुपारी वाड्यात येतच असे, पण त्या दिवशी तो भोंपू जरा लांबूनच वाजवू लागला, असे काकींचे निरीक्षण होते. तो वाट्याच्या बदल्यात सगळ्यांना एकेक उंडो, गोल पाव, देई. ते ताजे पाव आणि ते मासे. माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा चावून खाल्ले ते हेच.

घरमालक गेले ते एका पावसाळ्यात, फार त्रास न घेता. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसांची नावे आठवत नसत, पण मी उशाशी बसून "आठाने?" असे विचारले की ते डोळे न उघडता म्हणत, "नव्वद हजार नव्वद." मी एकेक विचारत सोळापर्यंत जाई. त्यापुढे मी कधी गेलो नाही. दिवस झाल्यावर काकींना त्यांची लग्न झालेली मुलगी बेळगावला घेऊन गेली. जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्या बायकोच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माजी चूल विझवलंय. वयल्या घरची तुमी पेटती ठेवा."

पुढच्या उन्हाळ्यात कोंड धरली तेव्हा वाटे करायला थोरला पुढे झाला. त्याने चुली मोजल्या. मीही मनात मोजल्या होत्या. काकांची चूल गेली होती. माझी धरून सोळा होत होत्या. त्यांनी जाताना हिशेबही सरळ करून ठेवला होता. थोरल्याने अर्धे केले, अर्ध्याचे अर्धे केले, असे चारदा. वाटे बरे पडले. काहीही उरले नाही.

माई आता फार म्हातारी झाली होती. धाकट्याने तिला धरून पाठमोरी उभी केली होती. नावे घेत ती शेवटच्या वाट्यापर्यंत आली.

"हो कोणाचो?"

"वयल्या घरचो," ती म्हणाली. 'धाकलो' म्हणाली नाही.

मी वाटा उचलला. आणि तेवढ्यात वाटेवर पोदेराचा भोंपू वाजला. लांबूनच. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. सोळा पाने रिकामी झाली होती आणि येणाऱ्याचा वाटा नव्हता. पोदेर सायकल धरून उभा राहिला, त्याच्या ध्यानात आले, आणि तो घाईने म्हणाला, "आसूं दी, आसूं दी."

धाकट्याने सागाचे एक पान घेतले, जमिनीवर ठेवले आणि आपल्या वाट्यातला एक शेवटा त्यावर टाकला. थोरल्याने एक टाकला. मग बांयकडच्यांनी. मीही टाकला. कोणी बारका टाकला, कोणी मोठा, कोणी दोन टाकले. त्या वाट्याला अर्धे नव्हते, तीन नव्हते, कसलेही माप नव्हते. तो सतरावा वाटा होता आणि त्या दिवशी मांडलेल्या सगळ्या वाट्यांत तो मोठा झाला.

सात लाख वीस हजार सातशे वीसला सतराने भागले की पाच उरतात, हे मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकले होते. त्या पाचांचे पुढे काय करायचे, हे मात्र त्यांनी कधी तोंडाने सांगितले नाही. पोदेराने पान उचलले, टोपलीवरचे कापड दूर केले आणि तो नेहमीप्रमाणे प्रत्येकाच्या हातावर एकेक गरम उंडो ठेवत आला. माझ्यापाशी आल्यावर तो थांबला, त्याने वर वयल्या घराकडे एकदा बघितले, आणि मला दोन दिले.